गुरुजींनी दिलेली दोन वर्षं

बदलापूरच्या आसपासच्या गावांत साठीच्या पुढच्या माणसाला वाढदिवस विचारा, दहातले आठ जण एक जून सांगतील. एवढ्या बायका एकाच दिवशी बाळंत कशा झाल्या, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. गावातल्याला पडत नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, आईबापांना तारीख ठाऊक नसायची आणि गुरुजींना रजिस्टरातला रकाना रिकामा ठेवून चालायचं नाही. त्यांनी एक जून लिहायचा सपाटा लावला आणि अख्ख्या पंचक्रोशीची जन्मतारीख उरकून टाकली.

कॅप्टन दिनानाथ भोपी त्याच एक जूनचे. मात्र त्यांच्या बाबतीत गुरुजींनी नुसती तारीखच नव्हे, वर्षही आपल्या मनानं घातलं होतं. दिन्या आठ वर्षांचा होईस्तोवर म्हशींच्या मागे होता. वडील त्याला शाळेत घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "सहाचा लिहितो. पोरगं नोकरीला लागलं तर दोन वर्षं जास्त खाईल. आज कळायचं नाही तुम्हाला, पुढं दुवा द्याल." वडिलांनी दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या घरी पायलीभर तांदूळ पोचते केले. नीट मोजलं तर दोन वर्षांना दोन महिने कमी भरतात, पण फुकटच्या गाईचे दात कोण मोजतो?

दिन्या पुढे सैनिकी शाळेत गेला, वायुदलात गेला, तिथून विमान कंपनीत आला आणि कॅप्टन भोपी झाला. प्रवासी विमानाच्या वैमानिकाला आपल्याकडे पासष्ट भरली की खाली उतरावं लागतं. साठीनंतर तर शेजारच्या खुर्चीवर साठीच्या आतला वैमानिक असावा लागतो. येत्या एक जूनला कॅप्टनांची पासष्टी भरत होती. कागदावरची. खरी भरून कधीच उलटली होती, आणि कागदावर दोन वर्षं कमी लागली आहेत, हे या जगात तिघांनाच माहीत होतं: ते स्वतः, त्यांची मोठी बहीण भिमाबाई आणि त्यांची बायको सुहासिनी. त्यातली सुहासिनी आता नव्हती.

सुहासिनी अंबरनाथच्या शाळेत गणित शिकवायची. नियमाप्रमाणे अठ्ठावन्नला निवृत्त झाली, शाल-श्रीफळ घेऊन घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याच्या निवृत्तीची वाट बघू लागली. मूलबाळ नव्हतं. बदलापूरला नदीपासून जरा उंचावर दोघांनी घर बांधलं होतं, पण त्या घरात कॅप्टन महिन्यातून दहा-बारा दिवस असत, तेही अर्धे झोपेत.

त्या घराला एक नियम होता. उड्डाणाआधी बारा तास दारूला शिवायचं नाही, हा नियम सरकारचा. कॅप्टनांनी त्याला आपल्या पदरचं एक कलम जोडलं होतं: त्या बारा तासांत घरची कुठलीही काळजी कानावर घालायची नाही. "डोक्यात घरचं लफडं घेऊन मी दोनशे माणसं खाली उतरवू शकत नाही," असं ते म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. पण सुहासिनी पडली गणिताची बाई. तिनं नियम इतका काटेकोर पाळला की बारा तासांचे चोवीस झाले आणि चोवीसांचे अठ्ठेचाळीस. ती त्यांच्या ड्युट्यांचं रोस्टर फ्रिजवर चिकटवायची आणि त्यात मोकळी जागा शोधून बातम्या द्यायची. तिची स्वतःची आई गेल्याचं तिनं त्यांना तिसऱ्या दिवशी, गुवाहाटीहून परत आल्यावर, चहा पिऊन झाल्यानंतर सांगितलं होतं. त्या समजूतदारपणाचं कॅप्टनांनी चारचौघांत कौतुक केलं होतं. कौतुक! आज ते आठवलं की त्यांना स्वतःची लाज वाटे.

कॅप्टनांचा खरा जन्म नागपंचमीचा. सुहासिनी एक जूनला नुसता फोन करायची आणि नागपंचमीला पुरणाची दिंडं करायची. खरी पासष्टी भरली त्या नागपंचमीला ते नेमके घरी होते. ताट वाढता वाढता ती म्हणाली, "अहो, आता सोडा."

"कागदावर अजून दोन वर्षं आहेत," कॅप्टन म्हणाले. "बाबांनी पायलीभर तांदूळ देऊन घेतलेली वर्षं. फुकट घालवू?"

ती हसली. "बरं," म्हणाली आणि दिंडावर तूप वाढलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना दिल्लीचं विमान न्यायचं होतं.

डिसेंबरात ती जिना चढता चढता मधेच बसली. तपासण्या झाल्या. पोटात गाठ होती आणि ती पसरली होती. ऑपरेशनची वेळ गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढच्या जूनमध्ये सुहासिनी गेली. "आजार फार झपाट्यानं वाढला, हातात काही उरलंच नव्हतं," असं कॅप्टन भेटायला येणाऱ्यांना सांगत. त्यांचा स्वतःचाही तोच समज होता आणि त्या समजाचाच त्यांना आधार होता.

तेराव्यानंतर चार दिवसांनी ते पुन्हा विमानात बसले. लोकांना ते कठोर वाटले. पण वर गेलं की शंभर गोष्टींकडे लक्ष द्यावं लागतं, माणूस स्वतःपुरता उरत नाही. खाली उतरून घराचं कुलूप काढलं की मात्र सुहासिनी नाही, हे रोज नव्यानं कळायचं. म्हणून त्यांना एक जूनची भीती वाटत होती. 

पासष्टची सदुसष्ट करा, ही मागणी जुनीच. वैमानिक कमी पडतायत, माणसं आता जास्त जगतात, जास्त धडधाकट असतात, असं एक बाजू म्हणे. हृदय आणि मेंदू रोस्टर वाचत नाहीत, असं दुसरी बाजू म्हणे. या वर्षी एक समिती दोन्ही बाजू ऐकून घेणार होती आणि संघटनेचा सचिव अभिजीत कॅप्टनांच्या मागे हात धुऊन लागला होता. अभिजीत स्वतः एकसष्टचा. त्याला हा जिव्हाळा कुठून फुटला होता ते सांगायला नकोच.

"सर, तुमच्यासारखा चेहरा आमच्याकडे दुसरा नाही," तो फोनवर म्हणाला. "चाळीस वर्षांत एक डाग नाही. मेडिकल बघितलं तर पन्नाशीचा माणूस वाटतो. तुम्ही बोललात तर फरक पडेल. आणि मर्यादा वाढली तर पहिलं काँट्रॅक्ट तुमचं, मी कंपनीशी बोललोय."

कॅप्टन लगेच हो म्हणाले. आणखी दोन वर्षं! गुरुजींची दोन खाऊन झाली होती, आता सरकारची दोन मिळाली तर ती हवीच होती.

त्याच आठवड्यात ते नागपूरची फेरी करून दुपारी परतले. कंपनीच्या गाडीत शेजारी त्यांची को-पायलट सोनिया होती. सोनिया उल्हासनगरच्या कॅम्प चारची. वडिलांचा जीन्स शिवायचा कारखाना. ती आधी उतरायची, कॅप्टन पुढे बदलापूरला जायचे.

"सर, एक बोलू? बुरा मत मानना," शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकल्यावर ती म्हणाली. "तुम्ही कमिटीसमोर जाणार ना? सदुसष्ट झालं तर माझं कॅप्टन बनणं दोन साल पुढे गेलं. माझ्या बॅचचे अकरा जण लाइनमध्ये आहेत."

"पण वैमानिक कमी पडतायत, हे तर तूही मान्य करशील."

"कॅप्टन कमी पडतायत, सर. आम्हाला बनवतच नाहीत तर कमी पडणारच."

कॅप्टनांना हसू आलं. "माझं बीपी तुझ्यापेक्षा चांगलं आहे, सोनिया."

"ते आहेच. तुमचं लँडिंग तर एकदम मक्खन. पण वयाचा रूल आहे तेच बरं आहे. नाहीतर स्वतःहून कोण उठणार? आमचे पप्पा बघा. बहात्तर झाले. कटिंग मशीनला कुणाला हात लावू देत नाहीत. भाई चाळीसचा झाला, अजून बटणं मोजतोय."

"तुझ्या पप्पांच्या मागे दोनशे माणसं बसलेली नसतात," कॅप्टन म्हणाले. मग त्यांच्याच लक्षात आलं की हा मुद्दा आपल्याच विरुद्ध जातो.

सोनियानं तो पकडला नाही. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मम्मी बसलेली असते ना, सर. कारखान्याच्या मागच्या खोलीत. दस साल से बोल रही है, हरिद्वारला जाऊया. पप्पा म्हणतात, सीझन संपू दे."

गाडी हलली. कॅम्प चारच्या कोपऱ्यावर शेअर रिक्षांच्या गर्दीत तिची बॅग काढून देताना ड्रायव्हरला मागून तीन हॉर्न ऐकावे लागले. दार लावता लावता ती वाकून म्हणाली, "सच बोलू तर, सर, तुम्हाला मिळावं असंही वाटतं. घरी तुमचं कोण आहे आता?" मुलगी मनानं चांगली होती. तिचा शेवटचा प्रश्न मात्र कॅप्टनांना बदलापूर येईपर्यंत टोचत राहिला.

दोन दिवसांनी अभिजीतनं नवीन टूम काढली. समितीला दाखवायला तीन मिनिटांची फिल्म करायची. गावातलं घर, भाताची खाचरं, म्हशीमागचा पोरगा आकाशात कसा पोचला, आणि मोठ्या बहिणीच्या तोंडून चार शब्द. "एकदम मातीतलं पाहिजे, सर. उद्या सकाळी नऊला पोरं कॅमेरा घेऊन येतील."

मातीतलं! नेमकी तिथंच गोम होती. भिमाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गावातल्या प्रत्येकाचा जन्म तिला पाठ होता. कोण कुठल्या पुरात झाला, कुणाच्या वेळी कुठली गाय व्याली होती, सगळं. 'आमचा दिन्या नागपंचमीचा, धाकट्या काकाचं लगीन झालं त्या सालचा,' हे ती दारात आलेल्या भांडीवालीलाही सांगत असे. कॅमेऱ्यासमोर तिनं ते सांगितलं आणि कुणी काकाच्या लग्नाचं साल काढलं तर सदुसष्ट राहिलं बाजूला, सगळ्या नोकरीचीच चौकशी लागली असती. म्हणून तिला पढवून ठेवायला ते त्याच दुपारी गाडी काढून बारवीच्या रस्त्यानं गावाला गेले.

भिमाबाई अंगणात खाटेवर तांदळाचे पापड वाळत घालत होती. चौऱ्याहत्तरची बाई, पण कुणाला मधे हात घालू देईल तर शपथ. आपलं वय सांगायला मात्र ती कधी लाजली नाही.

"उद्या मुंबईची माणसं येतायत, आक्का," कॅप्टन म्हणाले. "तुझा फोटो काढणार, मी लहानपणी कसा होतो ते विचारणार."

"माजा फोटू? अगो बाई! बरं लुगडं काढते मंग."

"काय हवं ते सांग. फक्त माझ्या वयाचं बोलू नको. नागपंचमी नको, काकाचं लग्न तर नकोच. विचारलंच कुणी, तर पासष्ट म्हण."

भिमाबाईचा हात पापडावर थांबला. "पासष्ट? तुला कडंवर घेऊन माजी कंबर मोडली, मना तुझं वय शिकवतोस? आन् कशापायी खोटं बोलू?"

त्यांनी तिला समजेल असं सगळं सांगितलं. समिती, सदुसष्ट, आणखी दोन वर्षं. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला, पण कॅप्टनांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आजून दोन वर्सं?" ती शेवटी म्हणाली. "अरे, आदीच्या दोन वर्सांचं काय केलंस?"

"आक्का, तू एवढंच कर. एक खोटं. त्यानं कुणाचं काही बिघडत नाही."

"येक खोटं पोटात घेऊन बसलेय मी, दिन्या. दुसऱ्याला जागा नाय."

"कसलं खोटं?"

भिमाबाईनं पदरानं हात पुसले आणि खाटेच्या कडेला बसली. कॅप्टनांना वाटलं, जमिनीचं काहीतरी असेल.

"सुहासिनीची गाठ डिसेंबरात नाय कळली," ती म्हणाली. "आदी कळली व्हती. आमी दोघी कॅम्पात डाक्टरकडं गेलो व्हतो. कागूद आला व्हता तिचा. म्हैन्याभरात कापून काढू, बाई बरी व्हईल, असं बोल्ला त्यो. माज्या या कानांनी आयकलं मी."

"आधी म्हणजे कधी?"

"नागपंचमीच्या आदल्या दिशी. तुजी पासष्टी भरली ना, तिच्या आदल्या दिशी."

कॅप्टनांना आधी राग आला. माणसाला पहिल्यांदा रागच येतो, कारण तो दुसऱ्यावर काढता येतो. "आणि तू गप्प बसलीस?" ते ओरडले. शेजारच्या ओटीवरची बाई उठून आत गेली. "सख्खी बहीण माझी तू! एक फोन करता आला नाही तुला?"

"शपथ घातली व्हती तिनं. त्यांची ड्युटी हाय, आक्का, मागं माणसं बसलेली असतात, असं बोल्ली. चुकलं माजं. रोज येक डाव तरी मनात येतं, का चुकलं माजं."

"मग महिन्याभरात ऑपरेशन का नाही केलं?"

"येकटीनं? सही कुणी करायची? दिवाळीला त्यांची सुट्टी हाय, तवा सांगते बोल्ली. दिवाळीला तू आला नाय."

दिवाळीला त्यांना जादा उड्डाणं लागली होती. लागली होती म्हणजे त्यांनी मागून घेतली होती. गर्दीच्या दिवसांत कंपनी विनंती करते आणि विनंती करावी असे आपण एकटेच आहोत, हे कॅप्टनांना आवडायचं.

"पण ती बोलली का नाही?" त्यांचा आवाज आता खाली आला होता. "दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर बसली होती. जेवायला वाढलं तिनं मला."

"बोल्ली की. सोडा, बोल्ली ना तुला?"

"सोडा म्हणाली. आजारी आहे असं नाही म्हणाली."

भिमाबाईनं भावाकडे पाहिलं. इतका मोठा माणूस, इतक्या वेळा आभाळात जाऊन आलेला, आणि त्याला हे सांगावं लागतंय याचं तिला वाईट वाटत होतं. तिनं त्याचा हात हातात घेतला.

"डाक्टरकडनं येताना रिक्शात सांगितलं तिनं मना. बोल्ली, मी त्यांना येवढंच बोलनार, का आता सोडा. त्यांनी 'का गं?' म्हणून इचारलं, तर सगळं सांगीन. ड्युटी असो, नायतर काय बी असो. आन् नाय इचारलं तर समजीन, का त्यांना जायाचं हाय." ती थांबली. "तिसऱ्या दिशी मी फोन केला. बोल्ले, इचारलं का गं त्यानं? तर बोल्ली, नाय आक्का. मंग बोल्ली, दिंडं मातर छान झाली व्हती."

कॅप्टन ती नागपंचमी आठवू लागले. ताट आठवलं, तुपाची वाटी आठवली. पायलीभर तांदळाचा आपला विनोद त्यांना शब्दन्शब्द आठवला. तो बोलताना तिचा चेहरा कसा होता, ते मात्र कितीही ताण दिला तरी आठवेना. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. एक बाई मरण पदरात बांधून समोर उभी होती, एका शब्दाची वाट बघत होती, आणि ते दिंडाचा तुकडा मोडत होते. त्यांना रडू फुटलं. बहिणीसमोर ते लहानपणीसुद्धा असे रडले नव्हते.

ऊन उतरलं. भिमाबाई पापड गोळा करायला उठली नाही. ती तशीच बसून होती आणि मधून मधून त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती.

मग फोन वाजला. अभिजीत होता.

"सर, सकाळी साडेआठलाच पोचतो म्हणतायत पोरं. ऊन कोवळं असतं तेव्हा. युनिफॉर्म आणताय ना?"

"त्यांना येऊ नका म्हणावं," कॅप्टन म्हणाले. "मी समितीपुढेही येत नाही. एक जूनला उतरतोय मी. माझं नाव काढून टाक."

"का?" अभिजीत म्हणाला. "सर, काय झालं? का पण?"

कॅप्टनांनी फोन कानापासून लांब धरला. अभिजीत पलीकडून विचारतच होता. त्या माणसाशी त्यांची ओळख म्हणजे चार बैठका आणि दहा फोन. त्यालासुद्धा पहिल्या झटक्याला विचारावंसं वाटलं होतं.